पूजेत बसलेली बंदूक

माझ्या वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक मुळाक्षरं आणि दुसरी दार कसं उघडायचं. मुळाक्षरं पुढे शाळेतल्या बाईंनी पुन्हा घटवून घेतली, कारण वडील रिसाल्यात स्वार होते आणि त्यांचं अक्षर घोड्यावर बसून काढल्यासारखं होतं. दाराच्या बाबतीत मात्र त्यांनी शिकवलं त्यात आजवर कुणाला काही सुधारता आलेलं नाही.

कडी वाजली की दारासमोर जायचं नाही. भिंतीला लागून, कडेला उभं राहायचं. आधी बाहेरचा आवाज ऐकायचा, मग आपला ऐकवायचा. हातात कंदील घेऊन दार उघडायचं नाही, कारण कंदील आपलं तोंड बाहेरच्याला दाखवतो. बंदूक खुंटीवर आणि काडतुसं दुसरीकडे. आमच्याकडे ती मसुरीच्या डब्यात, डाळीच्या खाली असत. नळी माणसाकडे करायची नाही, रिकामी असली तरी नाही, थट्टेत तर मुळीच नाही. आणि घरच्या माणसाने बाहेरून निरोप धाडला तर त्याच्याबरोबर खूण येईल. खूण नसेल तर निरोप खोटा समजायचा.

आमची खूण होती, "लगाम ओला आहे." ती वडिलांनी ठरवलेली. ती आईला, मला आणि माझ्या काकांना, अशी घरात तिघांनाच ठाऊक होती.

आमचं घर लष्कर नावाच्या वस्तीत, नई सडकेच्या मागच्या गल्लीत. गल्लीत बहुतेक घरं आमच्याच भाऊकीची, सगळी शिपाईगड्यांची. कुणाचा आजा तोफखान्यात, कुणाचा बाप पागेत. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि रागात आलं की सगळं हिंदी. चंबळेच्या बाजूने डाके पडल्याच्या बातम्या येत, त्या ऐकून माणसं अडसर तपासत आणि झोपत. आमच्या वडिलांनी तेवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं. त्यांनी एकदा आईला टांग्यातून शहराबाहेरच्या दगडांच्या खाणीत नेलं, एका फांदीला फुटकं मडकं टांगलं आणि तिच्या हातात बंदूक दिली. आईचा खांदा निळा झाला होता. मडकं तिसऱ्या खेपेला फुटलं.

त्याची गल्लीने पुष्कळ थट्टा केली. समोरच्या घरात वडिलांच्याच रिसाल्यातले निवृत्त दफेदार राहत. भाऊकीत त्यांचा शब्द शेवटचा. ते आमच्या ओट्याकडे बघून मोठ्याने म्हणाले होते की स्वाराने बायकोला पलटणीत भरती केली, आता पोळ्या कोण लाटतंय बघू. वडील हसले. आई हसली नाही. तिने त्यांचं ते वाक्य लक्षात ठेवलं.

एका उन्हाळ्यात कवायतीवरून येताना वडिलांना लू लागली आणि ते गेले. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गांत नुकती गेले होते.

आमचे काका शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याला राहत. वडिलांहून लहान. ते फौजेत कधी गेले नाहीत. इमारतींची दुरुस्ती आणि स्टेशनाजवळच्या पडावावरची मालाची चढउतार यांचे ठेके घेत. त्यांच्या हाताखाली पुष्कळ माणसं होती आणि त्यांना हुकूम द्यायची त्यांना सवय होती. वर्षश्राद्ध होईपर्यंत ते गप्प राहिले. वर्षश्राद्धाच्या पंगती उठल्या आणि त्यांनी दफेदारांसमोर विषय काढला. घर भाऊकीचं सामाईक. त्यात कोण राहणार हे भाऊकीने ठरवायचं, असा रिवाज. आणि आमच्या भाऊकीत आणखी एक जुना नियम होता, जो त्या दिवशी दफेदारांनी सगळ्यांसमोर म्हणून दाखवला.

"शस्त्राच्या घरात शस्त्र उचलणारा हात पाहिजे. तो नसेल तर शस्त्र आणि माणसं, दोन्ही भावाच्या घरी जातात."

याचा अर्थ मला त्याच दिवशी समजला. बंदूक काकांकडे गेली की घर रिकामं करायचं. घर रिकामं केलं की आम्ही हजीऱ्याला. आणि हजीऱ्याहून लष्करातल्या शाळेत त्यांच्या घरची मुलगी टांग्यातून येणार नाही, हे काकांनी न विचारताच सांगून टाकलं होतं. मॅट्रिकला दीड वर्ष उरलं होतं. शाळेतल्या बाईंनी मला सांगितलं होतं की मॅट्रिक झालीस तर कॉलेजचं मी बघते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. कॉलेज म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं. पण ती पायरी त्या खुंटीवरच्या एकनळी बंदुकीला बांधलेली आहे, एवढं मला कळलं.

काकांनी आईला समजावून सांगण्याचा आव आणला. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही समजत नाही हो. डाकू काय दरवाजा खटखटून येतो? जमाना किती खराब चालू आहे." आई म्हणाली की जमाना खराब आहे म्हणूनच मी घर सोडत नाही. त्यावर ते नुसते हसले आणि दफेदारांना म्हणाले की येत्या खंडेनवमीला शस्त्रपूजा मीच इथे येऊन करतो, दसऱ्याला उत्तरपूजा झाली की बंदूक घेऊन जातो, म्हणजे सगळं रीतीने होईल. दफेदारांनी मान हलवली. ठरलं.

शस्त्रपूजेची आमची रीत अशी. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, नैवेद्य. एकदा पूजा मांडली की उत्तरपूजा होईपर्यंत शस्त्राला हात लावायचा नाही. उत्तरपूजा, म्हणजे अक्षता वाहून देवतेला निरोप देणं, ज्याने पूजा मांडली त्याच्याच हातून व्हायला हवी. आमच्या कुण्या पूर्वजाने पूजेतली तलवार लढाईसाठी मध्येच उचलली आणि त्याच लढाईत त्याचा उजवा हात गेला, ही गोष्ट भाऊकीतल्या प्रत्येक पोराला दुधाबरोबर पाजलेली असे. आणि आणखी एक जुनी सोय होती. पुरुष मोहिमेवर असले की पूजा घरातल्या कुमारिकेने मांडायची. मोहिमेवरून माणूस परत येईपर्यंत ती पूजा महिनोन्‌महिने तशीच बसे. खुद्द दफेदारांच्या घरी त्यांच्या लहानपणी अशी एक तलवार पाऊसकाळाभर पाटावर होती. ही गोष्ट तेच सांगत.

खंडेनवमीच्या दिवशी आईने मला पहाटे न्हाऊ घातलं. वडिलांची तलवार, एक बरची आणि बंदूक तिने स्वतः पुसली. मग स्वतः बाजूला झाली, कारण विधवेने पूजेला बसायचं नव्हतं, आणि मला पाटापुढे बसवलं. एक एक सांगत गेली, मी करत गेले. गंध, अक्षता, फूल. बंदुकीच्या दस्त्यावर मी कुंकवाचं बोट ओढलं तेव्हा ते जरा वाकडं गेलं. आई म्हणाली, राहू दे.

काका उन्हं वर आल्यावर आले. नवा फेटा, हातात नारळ. घरात पुरुष नाही, तेव्हा आपण गेल्याशिवाय पूजा सुरूच होणार नाही अशी त्यांची खात्री होती, म्हणून ते आधी हजीऱ्याला आपल्या मजुरांच्या पहारी-फावड्यांची पूजा उरकून, सावकाश, ओळखीपाळखीच्यांशी बोलत आले. दारातून त्यांना झेंडूच्या माळेखालची बंदूक दिसली आणि पाटाशी बसलेली मी.

हे कुणी मांडलं, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "कुमारिकेने. घरचे पुरुष मोहिमेवर आहेत."

काकांना क्षणभर ते कळलंच नाही. मग कळलं, की मोहिमेवरचा माणूस परतेपर्यंत ही पूजा उठायची नाही. नारळ त्यांच्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झाल्यावर ते दफेदारांना घेऊन आले. दफेदारांनी मला उत्तरपूजा करायला सांगितलं. त्यांचा आवाज फार जड होता. मला रात्रभर आईने जे पाठ करून घेतलं होतं ते मी म्हटलं. आज नाही. मग कधी, असं त्यांनी विचारलं. वेळ येईल तेव्हा, मी म्हटलं. दफेदारांनी आईकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक नव्हतं. आपल्याच घरच्या गोष्टीने आपल्याला बांधल्याचा राग होता. पण शस्त्र उचला, असं ते म्हणू शकले नाहीत. काकांनाही ते जमलं नाही. ज्या माणसाने आम्हाला घराबाहेर काढायचं पक्कं केलं होतं, त्याला पाटावरून एक बंदूक उचलण्याची हिंमत नव्हती. मला त्या दिवशी त्यांची कीव आली नाही आणि अजूनही येत नाही.

बंदूक तशी पाटावर बसली. मी रोज शाळेत जाण्याआधी तिची फुलं बदलायची.

पण त्याबरोबर एक संकट आलं, आणि काकांनी ते लगेच हेरलं. पूजेतलं शस्त्र वापरता येत नाही. आमच्याकडे बंदूक होती आणि नव्हती. काका गल्लीत येत तेव्हा दर ओट्यावर थांबून हेच सांगत. "अहो, वहिनींची बंदूक? ती तर फोटोतली बंदूक आहे. कोणी आलं तर काय फुलं मारणार आहे?" माणसं हसत. एकदा ते आमच्याच ओट्यावर उभं राहून हे बोलत होते, तेव्हा आई दारात आली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊजी, जरा हळू. इथले चोर पण मराठी समजतात."

गल्लीने आम्हाला टाकलं नाही, पण बाहेर ठेवलं. संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी मला आली नाहीत. विहिरीवर आई गेली की बायकांचं बोलणं थांबे. दफेदारांची सून, जी वडील असताना रोज विस्तव मागायला येई, ती आता दुसऱ्या घरून आणू लागली. काका माझ्यासाठी स्थळ आणत. एक तर पडावावरच्या एका धर्मशाळेचा कारभारी होता, वय माझ्या वडिलांइतकं. लग्न झालं म्हणजे मुलगी कुमारिका राहिली नाही, आणि लग्नाआधी उत्तरपूजा करावीच लागेल, असा त्यांचा हिशेब. मी नाही म्हणे, आई नाही म्हणे. मग ते आईला बोलत, मला बोलत, शाळेला बोलत. जास्त शिकलेल्या पोरी कशा वाया जातात याची उदाहरणं त्यांच्याजवळ नेहमी तयार असत.

आई याला उत्तर देत बसली नाही. तिने घर बघितलं. मागच्या दाराला वडिलांच्या घोड्याच्या गळ्यातले घुंगरू बांधले, दार जरा हललं की ते वाजत. परसातल्या बुटक्या भिंतीच्या आत ती रोज चुलीची राख पसरून ठेवी आणि सकाळी तिच्यावर पाऊल आहे का बघे. मांजराची पावलं असत. वरच्या खिडकीतून गल्ली दोन्ही बाजूंनी दिसते, पण खिडकीतल्या माणसाला गल्ली बघू शकत नाही, अशी एक जागा तिने शोधून ठेवली आणि मला तिथे बसून अभ्यास करायला सांगितलं.

आणि तिने खूण बदलली. खरं तर ती तिने वडिलांच्या चौदाव्यालाच बदलली होती. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली की तुझे बाबा सांगत, पहाऱ्याची खूण रोज बदलते, आणि खूण देणारा मेला की त्याची खूण त्याच्याबरोबर जाते, मेलेल्याची खूण घेऊन येईल त्याला आत घ्यायचं नाही. नवी खूण फक्त आम्हा दोघींना माहीत होती. काकांना तिने सांगितली नाही.

त्या फाल्गुनात रंगपंचमी आली. आमच्या गल्लीत त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाचं तोंड ओळखू येत नसे. रंग, काजळी, चंदेरी लेप, जे हाताला लागेल ते. ढोलकी, डफ, आरडाओरडा. तरणे पुरुष बहुतेक नई सडकेकडे गेलेले. आम्ही रंग खेळत नव्हतो. मी खाली, पूजेच्या पाटापाशी पुस्तक घेऊन बसले होते, कारण वरच्या खिडकीवर पोरं खालून रंगाच्या पिचकाऱ्या मारत.

कडी वाजली. आई भिंतीला लागून उभी राहिली आणि तिने कोण म्हणून विचारलं.

बाहेरून एक पुरुष हिंदीत बोलला. हजीऱ्याहून आलोय, तुमचे देवर बांधकामाच्या पाडावरून पडले, हालत खराब आहे, टांगा आणलाय, दोघी चला. आईने विचारलं, आणखी काही सांगितलंय का. तो म्हणाला, "हाँ, बोला है, लगाम गीली है।"

आईने माझ्याकडे पाहिलं. ती खूण देणारा एकच माणूस जिवंत होता, आणि तो माणूस पडलेला असता तर त्याने स्वतःच्या मुलाला पाठवलं असतं. आईने हात खाली दाबल्यासारखा केला. वडिलांचाच इशारा होता तो, हलू नकोस. तिने बाहेरच्याला सांगितलं की तुम्ही पुढे व्हा, आम्ही शेजाऱ्यांना घेऊन येतो.

मग दुसरा एक आवाज काहीतरी पुटपुटला आणि दाराच्या फटीत लोखंड घुसल्याचा आवाज आला. ते पहार घालून कडी उचकत होते. बाहेर ढोलकी इतकी जोरात चालली होती की आम्ही ओरडलो असतो तरी तो रंगाचाच आरडाओरडा वाटला असता. त्यांनी दिवस नीट निवडला होता. रंगलेलं तोंड पुढे कुणाला ओळखता येणार नव्हतं. आणि बंदूक चोरीला गेली तर चोराला कुठली उत्तरपूजा करायची असते? घर निःशस्त्र झालं की भाऊकीचा नियम आपोआप लागू.

हे सगळं मला तेव्हा इतकं सुटं सुटं कळलं नाही. आईला कळलं असावं. ती अडसराला पाठ लावून उभी होती आणि म्हणाली, "पूजा उचल."

मी म्हटलं, आत्ता? मंत्र?

"येतो तेवढा म्हण. वेळ आली."

मी ताम्हनातल्या अक्षता उचलल्या. घाईत निम्म्या जमिनीवर पडल्या. पुनरागमनाय च, एवढंच तोंडातून निघालं. पुन्हा येण्यासाठी जा. अक्षता बंदुकीवर पडल्या, मी दोन्ही हातांनी ती उचलली, झेंडूची माळ तुटून पाटावर सांडली. माझा उजवा हात जागच्या जागी होता. मी स्वयंपाकघरात धावले आणि मसुरीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

आईने काडतूस भरलं तेव्हा दाराची कडी निखळून आत पडली होती. अडसर टिकला, पण वरची बिजागरी सुटली आणि एक फळी तिरकी होऊन आत आली. त्या फटीतून एक माणूस अर्धा आत आला. तोंडाला चंदेरी लावलेली, त्यात दात तेवढे दिसत होते. आई दारासमोर नव्हती. ती स्वयंपाकघराच्या भिंतीच्या कोपऱ्याला खांदा देऊन उभी होती, वडिलांनी शिकवलं होतं तशी, अंगाचा थोडासाच भाग बाहेर.

ती म्हणाली, "आगे पाँव रखा तो पाँव यहीं रहेगा।"

तो तिच्या हातातल्या बंदुकीकडे बघून हसला. दस्त्यावर माझं वाकडं कुंकू होतं आणि घोड्यात झेंडूची एक पाकळी अडकली होती. मागच्याला तो म्हणाला, "डर मत, पूजा की है। चलती नहीं।"

आईने चाप ओढला.

त्या बंद खोलीत तो आवाज किती झाला ते मला सांगता येत नाही, कारण मला त्यानंतर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. धूर दिसला. तो माणूस फटीतून मागे गेलेला दिसला, पहार उंबऱ्यात पडलेली दिसली. आईने रिकामं काडतूस काढून दुसरं भरलं, आणि मग ती तशीच, बंदूक जमिनीकडे करून, ओट्यावर जाऊन उभी राहिली. ते दोघे रंगाच्या गर्दीत मिसळून पळाले होते, आणि गल्लीतल्या ढोलकीवरचे हात थांबले होते. समोरच्या ओट्यावर आवाजाने बाहेर आलेले दफेदार, दाढी हिरवीगार, तोंड उघडं. सगळी गल्ली रंगलेल्या तोंडांनी तिच्याकडे बघत होती. कुणी पुढे आलं नाही. कुणी विचारलं नाही, लागलं का, काय झालं. त्यांनी फक्त पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊकी आमच्या पुढच्या खोलीत जमली. काका सर्वांआधी आले होते, कुठेही न पडलेले. त्यांनीच सुरुवात केली. पूजा मोडली, म्हणाले. नाही, उत्तरपूजा केली, आई म्हणाली, पोरीने अक्षता वाहिल्या आणि मगच उचलली. मग तर झालंच, काका म्हणाले, उत्तरपूजा झाली, आता बंदूक द्या. आणि एवढं होऊनसुद्धा वहिनींना इथे एकटं राहू द्यायचं का, हे सगळ्यांनी सांगावं.

आईने त्यांना उत्तर दिलं नाही. ती दफेदारांना म्हणाली की आलेला माणूस खूण घेऊन आला होता. लगाम ओला आहे. ही खूण दोघा भावांची.

काका तडकले. "मग खूण बरोबर होती, तर दार का नाही उघडलं तुम्ही?"

काकांना आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. ते रिसाल्यात कधी गेले नव्हते. दफेदारांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि, एखाद्या रंगरुटाला सांगावं तसं, ते म्हणाले, "मेलेल्याची खूण चालवायला निघालास होय?"

ते उठले आणि दाराच्या चौकटीशी गेले. छर्रे एका मुठीएवढ्या जागेत लाकडात रुतले होते. त्यांनी तिथे तळवा ठेवला, मग तोच तळवा तसाच सरळ आपल्या अंगावर आणला. तो छातीवर आला. मग त्यांनी उंबऱ्यात जिथे तो माणूस उभा होता ती जागा विचारली. मी दाखवली. चौकट आणि ती जागा यांत वीतभर अंतर होतं.

"ही चुकली नाही," दफेदार म्हणाले. "हिने सोडून दिला." आणि मग भाऊकीकडे वळून, "हात आहे या घरात."

काका म्हणाले की बाईचा हात. दफेदार म्हणाले, नियमात बाप्याचा असं लिहिलेलं मला तरी कुणी सांगितलं नाही. ते कुणावर मेहेरबानी केल्यासारखं म्हणाले नाहीत. रागाने म्हणाले, जसं काही आईने त्यांच्याकडून हे वाक्य ओरबाडून घेतलं होतं. जाताना आईला एवढंच म्हणाले की दार लवकर बसवून घ्या, गल्लीला बरं दिसत नाही. पुढे परवाना आईच्या नावे व्हायच्या वेळी त्यांनी कोतवालीत जाऊन साक्ष दिली, आणि परत आल्यावर तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मरेपर्यंत बोलले नाहीत.

दार बसवलं. चौकट आईने बदलू दिली नाही. उंबऱ्यात पडलेली पहार तिने ठेवून घेतली आणि अडसराच्या जागी ती लावायला सुरुवात केली. ती कुणाची, कुठल्या ठेक्यावरची, याची चौकशी तिने केली नाही आणि मागायलाही कुणी आलं नाही.

मी मॅट्रिक झाले. बाईंनी शब्द पाळला. कॉलेजात आम्ही इतक्या थोड्या मुली होतो की वर्गात आम्हाला सरांच्या टेबलाजवळ वेगळ्या बाकावर बसवत. रोज सकाळी बाहेर पडताना मी चौकटीतल्या त्या छर्ऱ्यांवरून बोट फिरवायची. देवाला नमस्कार करायची तशी सवयच झाली होती. माझ्या पदवीवर विद्यापीठाचं नाव आहे, ते असू द्यावं. पण ती मला कुणी मिळवून दिली हे विचारलं तर मला दोनच माणसं सांगता येतात, एक शाळेतल्या बाई आणि दुसरी माझी आई, जिला आपलं नावही लिहिता येत नव्हतं.

निकाल लागला त्या संध्याकाळी कडी वाजली. आई स्वयंपाकघरातून आली आणि सवयीने भिंतीला लागून उभी राहिली. कोण, असं तिने विचारलं.

बाहेरून काकांचा आवाज आला. म्हातारा झाला होता तो आवाज. वहिनी, मी आहे, पोरगी बी. ए. झाली असं ऐकलं, पेढे आणलेत. घराण्याचं नाव काढलं तिने. दार उघडा.

मी पुढे झाले होते. आईने हात खाली दाबला, तसाच.

"खूण?" ती म्हणाली.

मग ओट्यावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला आणि जोड्यांचा आवाज गल्लीच्या टोकाकडे गेला. आईने पहार काढली नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा पुडा ओट्यावर होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. तिने तो केराबरोबर सुपात घेतला आणि बाहेर टाकून आली.